कोनाड्यातली सहाकोनी पेटी

मुलांनो, शाळेत प्रार्थनेला पेटी वाजते ती तुम्ही रोज ऐकता. बाई एका हाताने भाता हलवतात, दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबतात आणि सूर निघतो. आता अशी कल्पना करा, की ही पेटी आखडत आखडत इतकी लहान झाली की दोन तळहातांमध्ये धरता यावी. दोन्ही टोकांना सहाकोनी झाकणं, मध्ये घड्याघड्यांचा चामडी भाता आणि पट्ट्यांच्या जागी वाटाण्याएवढी गोल बटणं. दोन्ही हात जवळ आणले की भाता मिटतो, लांब नेले की उघडतो. मिटतानाही सूर आणि उघडतानाही सूर!

या वाद्याचं नाव कॉन्सर्टिना. सिनेमात नायक गळ्यात अडकवून वाजवतो ना, तो अकॉर्डियन. तो हिचा धिप्पाड भाऊ. आपली पेटीसुद्धा हिच्या नात्यातलीच, ते कसं हे पुढे सांगतो. आज आपण या छोट्या पेटीच्या गावाला जाऊन यायचं आहे. तिकीट नको, पासपोर्ट नको. फक्त जगाचा नकाशा समोर पसरा आणि बोट ठेवा इंग्लंडवर.

पहिला मुक्काम लंडन. या शहरात दोनशे वर्षांपूर्वी चार्ल्स व्हीटस्टन नावाचा एक तरुण राहत होता. त्याचा जन्म १८०२ चा. घरचा धंदा वाद्यं बनवण्याचा आणि विकण्याचा. पण चार्ल्सचं डोकं नुसत्या दुकानात रमणारं नव्हतं. आवाज म्हणजे काय, तो कसा पसरतो, याचा त्याने ध्यास घेतला होता. १८२९ मध्ये त्याने तोंडाने फुंकायच्या एका लहानशा वाद्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे भात्याची कॉन्सर्टिना तयार झाली आणि १८४४ मध्ये तिचंही पेटंट त्याने घेतलं.

हे नाव कुठेतरी ऐकलंय, असं वाटतं का? घरात बारावीला असलेल्या ताईला किंवा दादाला विचारा. विजेचा रोध मोजायची ‘व्हीटस्टनचा सेतू’ नावाची जुळणी त्यांच्या पुस्तकात असते. तोच हा व्हीटस्टन! गंमत म्हणजे तो सेतू मुळात दुसऱ्याच एका शास्त्रज्ञाने शोधला होता. व्हीटस्टनने त्याचा उपयोग लोकांना दाखवून दिला आणि नाव याचं पडलं. १८३७ मध्ये त्याने कुक नावाच्या जोडीदाराबरोबर विजेच्या तारायंत्राचं पेटंट घेतलं. एवढा हुशार माणूस, पण सभेत बोलायला उभं राहायचं म्हटलं की पार बुजून जायचा. त्याचे शोध व्याख्यानातून समजावून सांगायचं काम अनेकदा त्याचा मित्र मायकेल फॅरेडे करायचा. स्वतः न बोलणाऱ्या माणसाने हे गोड बोलणारं वाद्य घडवलं, हे मला फार आवडतं.

आता हे वाद्य बोलतं कसं ते पाहू. आत धातूच्या पातळ जिभा असतात. त्यांना रीड म्हणतात. जिभेचं एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. तिच्याखाली बरोबर तिच्याच मापाची खाच. हवा त्या खाचेतून जायला लागली की जीभ थरथरते आणि सूर उमटतो. लांब जिभेचा सूर खालचा, आखूड जिभेचा वरचा. शाळेची पेटी, तोंडाने वाजवायचा माउथ ऑर्गन, अकॉर्डियन आणि कॉन्सर्टिना या सगळ्यांच्या पोटात हीच जीभ. आणि या सगळ्यांची पणजी आहे चीन देशातली. तिथे शेंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य फार प्राचीन काळापासून वाजतं. त्यातही अशीच मोकळी जीभ असते.

कॉन्सर्टिनाची रीड एकाच दिशेच्या हवेने बोलते. म्हणून प्रत्येक बटणाला दोन रीड लागतात, एक भाता मिटताना बोलणारी आणि एक उघडताना बोलणारी. व्हीटस्टनच्या इंग्लिश कॉन्सर्टिनात या दोन्ही रीड एकाच सुराच्या. अठ्ठेचाळीस बटणं म्हणजे शहाण्णव रीड, करा हिशेब! पण इकडे लंडनमध्ये हे चाललं असताना तिकडे जर्मनीत, केम्निट्स गावी, कार्ल फ्रीड्रिख उलिग याने १८३४ मध्ये वेगळ्या तऱ्हेची कॉन्सर्टिना केली. तिचं बटण एकच, पण दाबलं की ‘सा’ आणि ओढलं की ‘रे’, असे दोन वेगळे सूर. माउथ ऑर्गनमध्ये फुंकल्यावर एक आणि ओढल्यावर दुसरा सूर निघतो, तसंच. पुढे इंग्लंडच्या कारागिरांनी जर्मनीची ही पद्धत आणि आपली बारीक कारागिरी एकत्र केली. तिला म्हणतात अँग्लो कॉन्सर्टिना. तिला बहुधा तीस बटणं असतात. हिचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामी हीच भेटणार आहे.

लंडन सोडण्यापूर्वी हॉर्निमन संग्रहालयात डोकावू. चहाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने हे संग्रहालय उभारलं आणि १९०१ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. इथे व्हीटस्टन कंपनीच्या हिशेबाच्या जुन्या वह्या आहेत. आपल्या किराणा दुकानदाराची चोपडी असते ना, तशाच. कोणत्या क्रमांकाची कॉन्सर्टिना कोणत्या तारखेला कोणाला दिली, हे त्यात शाईने लिहिलेलं आहे. आता या वह्यांची पानं संगणकावरही पाहता येतात. समजा, कोणाला माळ्यावर जुनी व्हीटस्टन कॉन्सर्टिना सापडली, तर तिच्यावरचा क्रमांक बघून तिचा वाढदिवस शोधता येतो! आणि सुरुवातीच्या काळातल्या त्या वह्यांत गिऱ्हाईक म्हणून शेकडो बायकांची नावं आहेत. हीही गोष्ट लक्षात ठेवा.

चला, बोट आता डावीकडे सरकवा. समुद्र ओलांडला की आयर्लंड. त्याच्या पश्चिम काठावर, अटलांटिक महासागराला टेकून क्लेअर नावाचा परगणा आहे. विमानाने गेलात तर शॅननला उतरता. प्रवाशांसाठी जगातलं पहिलं बिनकराचं दुकान याच विमानतळावर १९४७ मध्ये निघालं. इथे पाऊस जवळजवळ वर्षभर येऊन-जाऊन असतो. शेतांभोवती दगडावर दगड रचून बांध घातलेले दिसतात, ना माती ना चुना. कोकणातल्या मुलांना ते बघून आपले गडगेच आठवतील. समुद्राकडे गेलात तर मोहरचे कडे. सरळसोट उभे, उंची २१४ मीटर, आणि खाली लाटांचा धिंगाणा.

पूर्वी इथे वेस्ट क्लेअर रेल्वे नावाची अरुंद रुळांची गाडी होती. १८८७ मध्ये सुरू झाली, १९६१ मध्ये बंद पडली. ती उशिरासाठी प्रसिद्ध. १८९६ मध्ये तिच्यामुळे पर्सी फ्रेंच नावाच्या गायकाचा कार्यक्रम कोलमडला. त्याने रेल्वेवर दावा लावला, तो जिंकला आणि वर रेल्वेची थट्टा करणारं गाणंही रचलं! रागाचं गाणं करणारी माणसं ही. अशा मुलखात आपली पेटी रुजली यात नवल नाही.

शॅनन नदीच्या मुखाजवळ किलरश हे बंदर आहे. जहाजं यायची, खलाशी यायचे, त्यांच्याबरोबर कॉन्सर्टिनाही यायची. जर्मन कॉन्सर्टिना स्वस्त होती, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती क्लेअरच्या खेड्याखेड्यांत पोचली. आणि ती घेतली कोणी? बायकांनी! घरच्या कोंबड्यांची अंडी विकून आलेले पैसे तिथल्या शेतकरणी साठवायच्या. त्या पैशातून कितीतरी घरांत कॉन्सर्टिना आली. आपल्याकडे आजी डाळीच्या डब्यात पैसे दडवून ठेवते, तसेच ते पैसे. पेटी ठेवायची कुठे? तर चुलीजवळच्या कोनाड्यात. एक तर हाताशी राहते आणि दुसरं म्हणजे ओलीचा त्रास नाही. दमट हवेत चामडं बुरसतं, लाकूड फुगतं, पोलादी रीड गंजते. शेकोटीच्या उबेला ती ठणठणीत राहायची.

संध्याकाळी शेजारीपाजारी जमायचे आणि स्वयंपाकघरातच नाच व्हायचा. खाली फरशीचे मोठे दगड आणि त्यावर बुटांचा ठेका. काही घरांत तर ठेका चांगला घुमावा म्हणून फरशीखाली घोड्याची कवटी पुरत, असं तिथले जुने लोक सांगत. भाता सारखा दाबायचा-ओढायचा असल्यामुळे अँग्लो कॉन्सर्टिनाच्या सुरांना आपोआप झोका येतो. नाचाला असा झोका फार सोयीचा. भाकऱ्या भाजून झाल्या की पिठाचे हात पुसायचे, कोनाड्यातली पेटी काढायची आणि वाजवायची. ना व्यासपीठ, ना तिकीट, ना टाळ्यांची अपेक्षा.

मग असं काय झालं, की ही पेटी मुकी व्हायची वेळ आली?

एकच कारण नव्हतं. १९३५ मध्ये आयर्लंडमध्ये कायदा झाला, की सार्वजनिक नाचासाठी परवाना हवा. कायद्याचा रोख नाचघरांवर होता, पण त्याचा धाक घरगुती नाचांनाही बसला आणि ते कमी होत गेले. तरुण मुलं-मुली पोटासाठी अमेरिकेला, इंग्लंडला निघून गेली. मोठ्या दिवाणखान्यांत मोठ्या आवाजाचा अकॉर्डियन आला, त्याच्यापुढे या पेटीचा बारीक आवाज ऐकूच येईना. तिकडे लंडनमध्येही मागणी आटली आणि एकेक कारखाना बंद होत गेला. कोनाड्यातल्या पेटीचा भाता फाटला तर तो शिवणार कोण? रीड बेसूर झाली तर लावणार कोण? वाद्य एका दिवसात मरत नाही, मुलांनो. आज एक सूर जातो, उद्या दुसरा जातो. मग कोणीतरी म्हणतं, ‘राहू दे आता,’ आणि ती पेटी माळ्यावर जाते.

पण क्लेअरमध्ये असं पूर्ण झालं नाही. ते का, हे सांगण्यासाठीच तर तुम्हाला मी एवढ्या लांब आणलं.

किलरशच्या मार्केट चौकात एलिझाबेथ क्रॉटी नावाच्या बाई राहत होत्या. जन्म १८८५, मृत्यू १९६०. त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं पबचं दुकान होतं. पबमध्ये दारू मिळते हे खरं, पण तिकडे गावाचा पारही तोच असतो. सुखदुःखाच्या गप्पा तिथेच, गाणी तिथेच. क्रॉटीबाई कामातून सवड काढून कॉन्सर्टिना वाजवायच्या. त्यांचं वाजवणं दुकानाबाहेर फार तर चार गावांना माहीत.

१९५० नंतरच्या दशकात आयर्लंडच्या रेडिओची एक गाडी क्लेअरमध्ये फिरू लागली. गाडीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणि बरोबर कीरन मॅक माहूना नावाचा तरुण अधिकारी. त्याने कलाकारांना शहरातल्या स्टुडिओत बोलावलं नाही. तो स्वतः त्यांच्या दारात गेला. शेतकऱ्याच्या ओसरीवर, दुकानात, स्वयंपाकघरात त्याने वादन मुद्रित केलं. क्रॉटीबाईंचंही केलं. आणि मग देशभर रेडिओतून किलरशच्या दुकानातली पेटी वाजली! विचार करा, साठी ओलांडलेल्या बाई, आयुष्यभर घरात वाजवलं आणि आता घराघरांत लोक कान देऊन ऐकताहेत. ज्यांनी आपल्या पेट्या माळ्यावर टाकल्या होत्या, त्यांना वाटलं असेल, ‘अरे, हे तर आमच्या आईचंच वाजवणं!’ काही वर्षांनी क्रॉटीबाई गेल्या, पण त्यांची लय राहिली. आजही शिकणारी मुलं ते मुद्रण ऐकतात.

हे झालं रेडिओचं. पण सगळं काम सरकारी गाडीनेच केलं असं नाही. नुसत्या हौशी माणसांनीही पुष्कळ केलं. इंग्लंडमध्ये नील वेन नावाच्या माणसाला कॉन्सर्टिनाचं वेड होतं. लोक ज्याला भंगार समजायचे, ते तो गोळा करायचा. १९७० नंतरच्या दशकात तो ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन क्लेअरला गेला आणि तिथल्या म्हाताऱ्या वादकांना त्याने मुद्रित करून घेतलं. त्याने जमवलेला कॉन्सर्टिनांचा मोठा संग्रह १९९६ मध्ये कुठे गेला, ठाऊक आहे? मघाशी आपण डोकावलो त्या हॉर्निमन संग्रहालयात!

वाजवणारे झाले, मुद्रित करणारे झाले. तिसरे राहिले ते दुरुस्ती करणारे. त्यांचं नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं जास्त सांगतो.

जुनी कॉन्सर्टिना हातात आली की जाणकार आधी भात्याची परीक्षा घेतो. एक बाजू हातात धरायची, दुसरी खाली लोंबू द्यायची. ती सावकाश उतरली तर भाता शाबूत आहे. धाडकन उतरली तर कुठूनतरी हवा जाते आहे. मग टोकाचे सहा स्क्रू काढायचे आणि झाकण उघडायचं. आत बघाल तर घड्याळाचं पोट उघडल्यासारखं वाटेल! बटणाखाली दांडी, दांडीला स्प्रिंग, टोकाला चामड्याची गादी. बटण दाबलं की गादी उचलली जाते, भोक उघडतं आणि हवा रीडकडे जाते. गादी झिजली तर सूर आपोआपच कुंईकुंई करत राहतो. स्प्रिंग तुटली तर बटण आत गेलं ते वर येत नाही.

आणि रीडच मुकी झाली तर? बहुतेक वेळा रोग अगदी क्षुल्लक असतो. आमच्या शाळेच्या पेटीची एक पट्टी अशीच बंद पडली होती. तालुक्याहून पेटी दुरुस्त करणारे काका आले. चौथीचा अख्खा वर्ग भोवती कोंडाळं करून बसला. काकांनी पेटी उघडली, मुकी रीड बोटाने दाखवली, कागदाची एक पातळ पट्टी जिभेखालून हळूच सरकवली आणि बाहेर काढली. कागदावर आला सतरंजीचा एक धागा. एवढासा! सूर लगेच बोलू लागला. एका मुलीने विचारलं, “काका, आणि सूर बेसूर असला तर?” काका म्हणाले, “मग कानस घ्यायची, बाळा. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पण एकदा घासायचं आणि दहादा ऐकायचं. घासलेलं पितळ परत लावता येत नाही.” लंडनची कॉन्सर्टिना असो नाहीतर आपली पेटी, कागदाची ती युक्ती आणि कानशीचा तो नियम दोन्हीकडे एकच आहे. नातं आहे म्हटलं ना मी?

कॉन्सर्टिनाच्या हौशी लोकांनी जुन्या पेट्या उघडून उघडूनच ही विद्या पुन्हा मिळवली. कारखाने बंद झाले होते, शिकवणारे थोडे उरले होते. मग जुन्या पेटीलाच गुरू केलं. रीड बाहेर काढायची, तिचं माप घ्यायचं, तशीच करून बघायची. आज इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, अमेरिका अशा देशांत छोट्या कार्यशाळांमध्ये हाताने नव्या कॉन्सर्टिना बनतात. चांगल्या कारागिराकडे नाव नोंदवलं तर काही वर्षं वाट बघावी लागते. जिला कोणी विचारत नव्हतं, तिच्यासाठी आता रांग आहे!

आपला शेवटचा मुक्काम आहे मिलटाउन मालबे. हेही क्लेअरमधलंच, समुद्राजवळचं छोटं गाव. इथे विली क्लॅन्सी नावाचे नामवंत वादक राहत. त्यांचं वाद्य कॉन्सर्टिना नव्हे, आयरिश पद्धतीचा भात्याचा पाइप. १९७३ च्या सुरुवातीला ते वारले, आणि त्याच वर्षी मित्रांनी त्यांच्या नावाने उन्हाळी शाळा सुरू केली. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला ती भरते. जगभरातून शिकणारे येतात. गावातल्या शाळांत, घरांत, मिळेल तिथे वर्ग बसतात. कॉन्सर्टिनाच्या वर्गात तुमच्याएवढी मुलं-मुली मांडीवर पेटी ठेवून बसलेली असतात. शिकवणारे एक ओळ वाजवतात, मुलं ऐकून उचलतात. आपल्याकडे भजन शिकतात ना, तसंच कानाने. संध्याकाळी रस्त्याने चाललात तर दारादारांतून सूर ऐकू येतात. ज्या क्लेअरमध्ये पेट्या माळ्यावर गेल्या होत्या, तिथे आज शेकडो मुलं त्या वाजवतात.

आता नकाशावरचं बोट उचला आणि परत आपल्या गावावर आणा. तुम्ही म्हणाल, सर, कॉन्सर्टिना काही आमच्या घरात नाही. नसेल! पण आपल्याकडेही कोनाडे आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर दळताना ओव्या गायल्या. त्यांनाही व्यासपीठ नव्हतं आणि टाळ्या नव्हत्या. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, ओव्याही थांबू लागल्या. तेव्हा पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सोबत्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, कितीतरी मुद्रित केल्या. २०१७ पासून त्या संगणकावर सर्वांसाठी खुल्या होत आहेत. क्लेअरमधल्या गाडीने जे केलं, तेच की हे!

म्हणून या सुट्टीत एक करा. घरात एखादं मुकं वाद्य आहे का ते बघा. पेटी, टाळ, बुलबुलतरंग, फाटलेला डफ, काहीही. त्याला काय झालंय हे जाणकाराला विचारा, आणि ते दुरुस्त करताना शेजारी बसून बघा. स्वतःच कानस मात्र घेऊ नका, काकांचं वाक्य आठवतंय ना? आणि आजीला किंवा शेजारच्या आजोबांना एखादं गाणं येत असेल, तर घरातल्या मोबाइलवर ते मुद्रित करून ठेवा. सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गावाचं नाव आणि तारीख स्पष्ट बोला. नाहीतर दहा वर्षांनी तुमचं तुम्हालाच आठवणार नाही. व्हीटस्टनच्या वहीत नाव आणि तारीख होती, म्हणूनच आज तिचा उपयोग होतो.

आजी म्हणेल, “माझं कसलं रे गाणं?” त्यावर तिला किलरशच्या क्रॉटीबाईंची गोष्ट सांगा. आणि मग ऐका, ती काय गाते ते.